लॉजिटेक जी 304: दिवसा कॅड, रात्री व्हॅलोरंट

बेळगावात गेमिंग माऊस मागितला की दुकानदार आधी डीपीआय सांगतो, म्हणजे माऊस एक इंच सरकला की कर्सर किती ठिपके पळतो तो आकडा. सोळा हजार, सव्वीस हजार. ऐकून घ्या आणि सोडून द्या. लॉजिटेकच्या या बिनवायरच्या जी 304 चा सेन्सर (हालचाल टिपणारा खालचा डोळा) 12,000 पर्यंत जातो, जाऊ दे की. मी तो पावसाच्या तोंडावर घेतला, आता उन्हाळा लागलाय, आणि सेटिंग 800 वरून हललेलं नाही.

दिवसभर उद्यमबागेत कॅडवर, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर, फाउंड्रीच्या पॅटर्नची (ओतकामाच्या नमुन्यांची) ड्रॉइंगं करतो, रात्री जेवणं आटोपली की अनगोळची आमची पोरं व्हॅलोरंटला (ऑनलाइन नेमबाजीचा गेम) बसतात. उजवा हात दोन्हीकडं माऊसवरच. त्यामुळं मला नेमकेपणाच्या आधी हाताची काळजी. अगोदरचा माऊस (कंपनीचं नाव राहू दे) चांगला फुगीर पाठीचा होता, पण करंगळी सारखी पॅडवर घासायची आणि संध्याकाळी मनगट ठणकायचं.

म्हणून घेण्याआधी हात मोजा. मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माझा साडेएकोणीस सेंटिमीटर भरतो. खेळणारे एक ढोबळ हिशेब करतात, हाताच्या साठ टक्के लांबीचा माऊस. म्हणजे मला 11.7 सेंटिमीटर, जी 304 आहे 11.66. पण तेवढ्यावर भागत नाही, धरायची सवयही बघावी लागते. तळहात पूर्ण टेकवून धरणाऱ्याला याची 38 मिलिमीटर उंची कमी वाटेल, खाली पोकळी राहते. मी बोटं वाकवून, पंजा करून धरतो. मागचा उंचवटा तळहाताला जेमतेम टेकतो आणि करंगळीला बाजूला जागा मिळते. मनगटाचं ठणकणं महिन्याभरात कमी झालं.

कॅडवाल्यांसाठी एक गोष्ट, जी गेमिंगवाले सांगत नाहीत: चाक दाबून बघा. ड्रॉइंग सरकवायला आपण मधलं बटण दिवसभर दाबून धरतो. ते जड असलं तर मधलं बोट कामातून जातं, फारच हलकं असलं तर दाबताना चाक फिरतं आणि झूम होतं. हे बेताचं आहे, खाचा बोटाला स्पष्ट लागतात.

नेमकेपणाचं म्हणाल तर 800 डीपीआय आणि गेममध्ये 0.4 सेन्सिटिव्हिटी (माऊस हलवला की नेम किती फिरतो ते). गेममधल्या पूर्ण गिरकीला माऊस सुमारे 41 सेंटिमीटर सरकतो, म्हणजे हात कोपरातून फिरतो आणि मनगटाला फक्त बारीक काम उरतं. पॅड मोठं घ्यावंच लागतं. विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा. गेम सेन्सरची हालचाल थेट घेतो, पण कॅडमध्ये कर्सर विंडोजच्या हातात असतो, आणि ते चालू असलं की तेवढाच हात हलवूनही कर्सर कधी जवळ थांबतो, कधी लांब.

आता पावसाळ्याचं सांगतो. आपल्याकडं जून लागला की कापडी पॅड ओल धरतं आणि माऊस चिखलातल्या बैलगाडीसारखा ओढावा लागतो. सेन्सर गेला असं वाटतं, गेलेलं काही नसतं. मी पावसात कडक प्लॅस्टिकचं पॅड काढतो, गणपती-दसरा झाला की पुन्हा कापडी. कडक पॅडवर माऊस जरा जास्तच पळतो, चार दिवस निशाणा चुकतो, मग हात बसतो.

सेल एकच, पेन्सिल सेल. कंपनी 250 तास सांगते. सेलसकट वजन 99 ग्रॅम. साधा अल्कलाइन काढून लिथियमचा घातला की सात-आठ ग्रॅम उतरतात आणि मागची बाजू हलकी होते. खर्चाचं आहे, पण गेमवाल्यांनी करावं. माझ्या ड्रॉइंगला चार्जिंगचे सेलच बरे.

रिसीव्हर (माऊसचा सिग्नल पकडणारा यूएसबीचा तुकडा) कॅबिनेटच्या मागं, यूएसबी 3.0 च्या पोर्टात खुपसू नका. त्या पोर्टाचा गोंगाट माऊसच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये मिसळतो, वर पत्रा आडवा येतो. एक्स्टेन्शन लावून रिसीव्हर पॅडशेजारी आणा.

मोठ्या पंजाच्या माणसानं मात्र हा घेऊ नये. माझ्या मामेभावानं धरला आणि “खेळणं हाय की रे हे” म्हणून परत दिला. त्याला रेझरचा डेथॲडर इसेन्शियल बसला: 127 मिलिमीटर लांब, उजव्या हाताच्या वळणाचा, वायरचा.

खानापूर-निपाणीहून माऊस बघायला येणार असाल तर स्वतःचं पॅड पिशवीत घालून आणा. दुकानाच्या काचेवर बहुतेक माऊस धड चालत नाहीत.