ओलाव्याचा वायरलेस सेन्सर आणि ‘सिग्नल वीक आहे’ ही थाप

जमिनीतला ओलावा मोजणारा वायरलेस सेन्सर घ्यायचा विचार असेल तर हे आधी वाचा. मला गंडवणाऱ्याचं नाव देत नाही, पण त्याची पद्धत सांगतो. तोच माल, त्याच थापांसकट, उद्या तुमच्याही गळ्यात पडू शकतो.

जाहिरात झकास होती. कपॅसिटिव्ह सेन्सर (मातीची वीज साठवायची क्षमता मोजून ओलावा सांगणारा), म्हणजे धातूचे खिळे मातीत गंजायची भानगड नाही. आयपी 67, म्हणजे 1 मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी शिरणार नाही. शिवाय मातीचं तापमान सांगायला डीएस18बी20 नावाचा छोटा सेन्सर. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं, मग मधूनच खुळ्यासारखे आकडे यायला लागले. ओलावा 35 टक्के, 35 टक्के, एकदम शून्य, की पुन्हा 35. तापमान 26 अंश, मध्येच 85, परत 26.

विक्रेत्याचं उत्तर तयारच: “सिग्नल वीक आहे, रिपीटर लावा.” रिपीटर, म्हणजे सिग्नल पुढे ढकलणारी पेटी, अर्थातच त्याच्याकडेच मिळतो! तो लावला, तरी आकड्यांच्या उड्या तशाच. मग म्हणे तुमच्या मातीत क्षार जास्त आहेत.

ही सिग्नलची थाप पटकन पटते, म्हणून जरा थांबून सांगतो. वाय-फाय असो, ब्लूटूथ असो की लांब पल्ल्याचं लोरावॅन, पाठवलेल्या प्रत्येक पॅकेटला ताळा जोडलेला असतो. वाटेत बिघडलेलं पॅकेट त्या ताळ्यात बसत नाही आणि सरळ टाकून दिलं जातं. म्हणजे सिग्नल खरंच कमजोर असेल तर रीडिंग येतच नाही, आलेखात खंड पडतो. 35 चं शून्य होऊन येत नाही. माझ्या आलेखात खंड एकही नव्हता.

आणि ते 85 तर कुठलाही रँडम आकडा नाही. डीएस18बी20 ला वीज मिळाली की पहिलं मोजमाप पूर्ण होईपर्यंत तो 85 च दाखवतो. 12 बिटच्या, म्हणजे त्याच्या सगळ्यात बारीक मोजमापाला 750 मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्यात व्होल्टेज कोसळलं तर सेन्सर नव्याने सुरू होतो आणि पुन्हा 85. रेडिओ चालू झाला की बॅटरीवर एकदम ताण येतो, तेव्हा संशय तिथेच गेला. बाहेरून स्थिर पुरवठा जोडला, 85 गायब.

ओलाव्याच्या उड्या मात्र थांबल्या नाहीत. सेन्सर खुणेपर्यंत पाण्याच्या ग्लासात उभा केला, तरी शून्य यायचंच. ग्लासात माती कुठली आली? क्षारांमुळे आकडा वरखाली सरकतो हे खरं, पण एका क्षणापुरता शून्यावर जाऊन परत येत नाही. (मातीत खोचायच्या पात्याभोवती पोकळी राहिली तर आकडा कमी येतो, ती चूक बसवण्याची. पण तो कायमच कमी येतो, मधूनच नाही.)

शेवटी डबा उघडला. ओलावा मोजायला लागणारा सिग्नल तयार करते ती चिप जाहिरातीच्या फोटोत स्पष्ट वाचता येते: टीएलसी555. ती 2 व्होल्टवरही चालते. माझ्या बोर्डावर एनई555. तिला किमान 4.5 व्होल्ट लागतात आणि डब्यात दोन सेल, मिळून 3 व्होल्ट! ती चालत होती हेच नवल. पात्याच्या कापलेल्या कडांना कसलंही कोटिंग नाही, बोटाने चाचपलं तर फायबरचे धागे टोचतात. तिथून पाणी हळूहळू आत मुरणार. आयपी 67 फक्त स्टिकरवर.

खरी हरामखोरी पुढे आहे. फार तक्रारी केल्यावर त्याने एक ‘अपडेट’ पाठवला आणि उड्या बंद झाल्या. सेन्सर मातीतून उपसला, पुसून कोरडा केला, हवेत टांगला. अ‍ॅपवर ओलावा 35 टक्के, कितीतरी वेळ! मोठा फरक दिसला की नवा आकडा गिळायचा आणि जुनाच दाखवत राहायचं, एवढीच ती दुरुस्ती. या आकड्यावर पाण्याचा व्हॉल्व्ह आपोआप चालवणाऱ्याचं झाड वाळेपर्यंत अ‍ॅप सगळं ओलं दाखवेल.

चिपचे फोटो पाठवल्यावर उत्तर आलं, “डबा उघडला, वॉरंटी गेली.” पैसे मिळाले नाहीत. तेव्हा ग्लासची आणि हवेत टांगायची चाचणी डबा न उघडता, माल परत करायची मुदत असतानाच करा आणि अ‍ॅपसकट व्हिडिओ काढून ठेवा. घेण्याआधी एवढंच विचारा: अ‍ॅपमध्ये सेन्सरचा कच्चा आकडा दिसतो का? मी नंतर विचारलं, तर म्हणाला, “त्याची ग्राहकाला गरज नसते.”