मीटरवर ४८ हजार, नोंदीत ९१ हजार

सोलापुरात फोक्सवॅगनची जुनी पोलो जीटी टीएसआय किंवा तशीच एखादी पळणारी गाडी बघत असाल, तर टोकन देण्याआधी एवढं वाचा.

मी २०१५ची पोलो ४ लाख ८० हजारांना घेतली. मीटर ४८ हजार. "एकहाती गाडी आहे मालक, वर्षाला एक सर्व्हिस, दहा हजारांत विषय संपतो," असं विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं. वर्षाच्या खर्चाचा माझा सगळा हिशेब त्याच शब्दावर बसला होता.

मे महिन्यात सात रस्त्याच्या सिग्नलला डॅशवरची गिअरची अक्षरं लुकलुकायला लागली. हिरवा दिवा पडला, ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज चढला, गाडी मात्र जागची हलेना. मागून हॉर्नचा भडिमार, शेजारी घाबरलेली मुलगी.

या गाडीत सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. १, ३, ५, ७ एका क्लचवर. २, ४, ६ आणि रिव्हर्स दुसऱ्यावर. दोन्ही क्लच आणि गिअर बदलणं मेकॅट्रॉनिक नावाचं कंट्रोल युनिट सांभाळतं आणि गेलं होतं तेच. क्लच किट, मजुरी धरून एस्टिमेट आलं १ लाख ८० हजारांचं. सर्व्हिस सेंटरला चासी नंबर दिल्यावर जुनी नोंद निघाली: मी घेण्याच्या आधीच गाडी ९१ हजार पळालेली. मीटर पाडलं होतं, म्हणजे आकडा मागे फिरवला होता! ट्रायलही त्याने सकाळी, गार गाडीवर, होटगी रोडला मोकळ्यावर दिली होती. हा दोष बहुतेकदा गाडी तापल्यावर गर्दीत उघडा पडतो आणि ते त्याला पक्कं ठाऊक असणार.

म्हणून अर्धा तास गर्दीत फिरवा, मग चढावर रिव्हर्स घ्या. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावा; दोषाचे कोड नुकतेच पुसले असतील तर रेडिनेसच्या, म्हणजे गाडी स्वतःच करते त्या तपासण्या अपूर्ण दिसतात. विकणाऱ्याला सोबत नेऊन सर्व्हिसच्या नोंदी काढा, तो टाळाटाळ करत असेल तर सौदा सोडा. आणि किमतीच्या निदान तीस टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. टायर, इन्शुरन्स वेगळेच. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्सच्या हप्त्यात मिळणारी सूट, आपल्याला मिळत नाही.

पावतीवर 'जशी आहे तशी' लिहिलंय, तोच कागद तो आता पुढे करतोय. मीटर पाडणं त्यात कसं बसतं? जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सर्व्हिसच्या नोंदी आणि एस्टिमेट जोडून मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची असते.