मिग-२१ च्या आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) मॉडेलपायी माझे ९३,६०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

३८,५००. २७,०००. १८,७००. ९,४००. चार हप्ते, एकूण ९३,६०० रुपये. ११ ऑक्टोबर ते २४ नोव्हेंबर २०२५ या सहा आठवड्यांत मी हे पैसे स्वतःच्या हाताने, स्वतःचा पिन टाकून पाठवले. बदल्यात बाल्साची (मॉडेलसाठी वापरतात ते हलकं लाकूड) एक काडीही हातात पडली नाही. घरी खरा आकडा सांगायला मला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांनी माझं किती नुकसान केलं ते पुढे येईलच.

मी या छंदात नवखा नाही. वीस वर्षांहून जास्त काळ मॉडेल बांधतोय. बाल्साच्या ट्रेनरपासून सुरुवात केली, मग फोमची जेट, मग ७० मिलिमीटरच्या विजेच्या फॅनवर उडणारं, स्वतः बांधलेलं, त्रिकोणी पंखांचं एक डेल्टा. माझे मामा ओझरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात फिटर होते. नाशिक विभागाचा तो कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ बनवण्यासाठीच उभा राहिला. पाठीचा उंचवटा बघून मिग-२१ चे टाइप ७७ आणि टाइप ७५ हे प्रकार वेगळे कसे ओळखायचे, हे मामांनी मला शाळेत असताना शिकवलं होतं. ७७ ची पाठ सडपातळ, ७५ च्या पाठीवर इंधनटाकीचं मोठं कुबड. म्हणून मला जास्त लाज वाटते. ज्या विमानाबद्दल मला गंडवता येणार नाही असं मी समजत होतो, त्याच विमानावर गंडवलं गेलो.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदिगढला मिग-२१ चा निरोप समारंभ झाला. १९६३ पासूनची सेवा संपली. त्या रात्रीच मी ठरवलं, बायसन, म्हणजे मिग-२१ चा शेवटचा सुधारित प्रकार बांधायचा, आणि मोठा बांधायचा. एकास आठ प्रमाणात. खऱ्याचा पंखविस्तार ७.१५ मीटर, म्हणजे मॉडेलचा साधारण ८९ सेंटिमीटर. ग्लास फायबरची बॉडी, बाल्साचे पंख, ९० मिलिमीटर फॅन, रिट्रॅक्ट (आत ओढली जाणारी चाकं). बॉडीचा मोल्ड काढणं माझ्या आवाक्याबाहेरचं, म्हणून तयार बॉडी शोधत होतो. नेमका तेव्हाच हा माणूस भेटला. समारंभानंतर कितीजण मिग शोधत असतील हे त्यानेही हेरलं असणार.

तो स्वतःला कर्नाटकातला कारागीर म्हणवायचा. बोलणं अतिशय अदबीचं, प्रत्येक वाक्यात ‘सर’. मी त्याची परीक्षा घेतली होती, हे मला ठासून सांगायचंय, कारण ‘चौकशी न करता पैसे कसे पाठवलेस’ हा प्रश्न मी आतापर्यंत वीसदा ऐकलाय. मी विचारलं, मिगचं नाक अरुंद, त्यात शंकू, मग ९० च्या फॅनला हवा पुरणार कशी? त्याने लगेच सांगितलं की खऱ्या विमानातही नाकाच्या मागे बाजूला जादा हवेची झडपं असतात, मॉडेलमध्ये तीच उघडी ठेवायची, शिवाय पोटाखाली चाकांच्या दरवाजांमागे भोकं पाडायची. मागची नळी फॅनच्या क्षेत्रफळाच्या किती टक्के ठेवायची तेही सांगितलं. सगळं बरोबर होतं. ज्याने फॅनचं जेट कधी उडवलं नाही तो हे बोलूच शकत नाही, असं मला वाटलं.

तो बोलू शकतो. त्याच्यासमोर दुसऱ्याचं लिहिलेलं उघडं असलं की झालं. परदेशातल्या एका कारागिराने आपलं मॉडेल घडत असतानाचे फोटो आणि टिपणं टप्प्याटप्प्याने जाहीर केली होती. मला मिळालेलं प्रत्येक उत्तर त्या टिपणांतलं होतं. तांत्रिक ज्ञानावरून माणूस पारखू नका.

आता त्या फोटोबद्दल. ९ ऑक्टोबरला त्याने सहा फोटो पाठवले. करड्या प्रायमरमधली बॉडी, पॅनल लाइन कोरलेल्या, पितळी नळीने एकेक रिव्हेट उठवलेला. अंगावर एकही अक्षर वा खूण नाही. समोरून घेतलेल्या फोटोत नाकावरची पिटो नळी (हवेचा वेग मोजणारी लांब नळी) मला चुकीच्या बाजूला दिसली.

टाइप ७७ ची पिटो नळी नाकाच्या वर मधोमध असते. टाइप ९६ पासून पुढे, ७५ आणि बायसनपर्यंत, ती वैमानिकाच्या उजवीकडे सरकलेली असते. समोरून पाहिलं तर ती आपल्या डाव्या हाताला यायला हवी. फोटोत ती उजव्या हाताला होती. मी फोटो मोठा करून पाहिला. मामांच्या काळचं एक जुनं छायाचित्र शेजारी ठेवून पाहिलं. मला फरक कळला होता, शंका नव्हती. मी त्याला विचारलंही. त्याचं उत्तर आलं, ‘सर, नळी तात्पुरती लावली आहे, तुम्हाला देताना बरोबर बाजूला लावू.’ आणि मी ‘ठीक आहे’ असं लिहून पाठवलं. दोन दिवसांनी ३८,५०० पाठवले.

फोटो आरशासारखा उलटा केलेला होता. तो शोधला तरी मूळ फोटो सापडू नये, म्हणून ही मंडळी असं करतात. मी शोधला होता. काही सापडलं नाही, आणि त्याचाच मला दिलासा वाटला. पाचव्या फोटोत कॅनॉपी (वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेचं झाकण) उघडी होती. बायसनची कॅनॉपी उजव्या बाजूच्या बिजागरीवर उघडते, वैमानिक डावीकडून शिडी लावून चढतो. फोटोत बिजागरी डावीकडे. हे मी डिसेंबरमध्ये पाहिलं. दोन खुणा एकाच दिशेने चुकत होत्या, त्यांना एकत्र ठेवायला एक मिनिट लागलं असतं. दोन महिने झाले, रात्री जाग आली की मला ती नळीच दिसते.

फोटो शोधताना तो आडवा उलटवूनही शोधा. मोबाइलमध्ये एका टिचकीचं काम आहे. मी उलटवला आणि पहिल्याच प्रयत्नात मूळ कारागीर सापडला.

पुढचे हप्ते सांगतो. २९ ऑक्टोबरला रिट्रॅक्ट आणि फॅनसाठी २७,०००. १७ नोव्हेंबरला ‘माल कस्टममध्ये अडकलाय’ म्हणून १८,७००. २४ नोव्हेंबरला ‘ड्रोनच्या नियमामुळे खास परवानगी लागतेय’ म्हणून ९,४००. हे मी का मानलं? ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, आणि कस्टमवाले आरसीचं सामान ड्रोन समजून अडवतात हे आपल्यातल्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे. खोटं बोलायला त्याने खरी भीती वापरली. पण त्याच आदेशात सुटे भाग बंदीतून वगळलेले आहेत. फॅन आणि रिट्रॅक्ट हे सुटे भागच. एवढं वाचलं असतं तर किमान ९,४०० वाचले असते. आणि कस्टमची ड्युटी कोणा व्यक्तीच्या यूपीआयवर जात नसते. बिल ऑफ एंट्रीचा (आयात मालाच्या कस्टममधल्या नोंदीचा) नंबर मागा. नंबर नाही तर पैसे नाहीत.

चार हप्ते तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांत गेले. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर नाव येतं. ते मी वाचलं होतं. ‘भावाचं खातं’, ‘अकाउंटंटचं खातं’ ही स्पष्टीकरणंही मी ऐकून घेतली.

२५ नोव्हेंबरला त्याचा नंबर बंद झाला. त्याच दिवशी मला कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर कळलंही होतं. पण बायकोला काय सांगू? तिला मी ‘तीसेक हजारांचं काम आहे’ असं सांगितलं होतं. मी आठ दिवस तो नंबर फिरवत बसलो. २ डिसेंबरला तिला सगळं सांगितलं, आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन तिने लावायला लावला. तुम्ही पहिल्या तासात लावा. खात्यात पैसे असेपर्यंतच ते गोठवता येतात. लाज नंतर वाटू द्या.

यानंतर जे झालं त्याचा राग फसवणाऱ्याच्या रागाइतकाच आहे.

माझ्या बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज पाहिला आणि म्हणाल्या, ‘व्यवहार तुम्हीच केलाय, यात बँक काय करणार?’ रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. ते तुमच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहे, असं त्यांनी सांगितलं. ते खरं आहे, मी मानतो. पण पैसे ज्या खात्यांत गेले त्या बँकांना कळवा एवढंच माझं मागणं होतं. त्यावर ‘मेल टाका’. मेल टाकला. अठरा दिवसांनी उत्तर आलं की आपली तक्रार आम्हाला मिळाली आहे. ज्या बँकेत पैसे गेले तिथे स्वतः गेलो तर ‘तुम्ही आमचे ग्राहक नाही’.

पोलीस ठाण्यात तीन चकरा झाल्या. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, ‘हे खेळणं आहे ना? खेळण्याला लाखभर रुपये?’ मग, ‘उडतं का? परवानगी आहे का?’ मी २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानांची वेगळी व्याख्या आहे, २५ किलोची मर्यादा आहे, हे समजावत बसलो. फसवला गेलेला मी, आणि खुलासाही मीच देत होतो. शेवटी, ‘माल आला नाही तर हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा.’ ग्राहक आयोगात जायला समोरच्याचा पत्ता लागतो. पत्ता शोधून द्यायचं काम कोणाचं? जुन्या ४२० च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, आणि पहिल्यापासून खोटे फोटो दाखवून पैसे घेणं ही फसवणूकच आहे, असं म्हटल्यावर साहेब म्हणाले, ‘मग वकीलच व्हा.’ अर्जाची पोच मागितली, ती तिसऱ्या दिवशी मिळाली. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

पावती दिली म्हणून भुलू नका. माझ्या पावतीवर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक व्यवस्थित होता. त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. कर्नाटकचे २९. माझ्या पावतीवर ०७ होते, म्हणजे दिल्ली. क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला तर भलत्याच धंद्याचं नाव आलं.

आणि व्हिडिओ कॉल करा. बॉडीशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगा, हाताने रडर (शेपटीवरचं सुकाणू) हलवून दाखवायला सांगा. मी दोनदा मागितला, दोनदा ‘वर्कशॉपमध्ये नेटवर्क नाही सर’ असं उत्तर आलं. खरा कारागीर आपलं काम दाखवायला टपलेला असतो, हे मी इतकी वर्षं पाहत आलोय.

मूळ कारागिराला मी पत्र लिहिलं. त्याने एका दिवसात न उलटवलेले सहाही फोटो, काढल्याच्या तारखांसकट पाठवले. दोन्ही संच मी मोठ्या कागदावर शेजारी शेजारी छापले आहेत, पिटो नळी आणि कॅनॉपीची बिजागरी लाल पेनने गोल केली आहे. सोमवारी ते घेऊन चौथ्यांदा ठाण्यात जाणार आहे. बायको बरोबर येतेय.