कॅरव्हॅनचे टेकू: हाताने फिरवावेत की ड्रिलने?

कॅरव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढत न्यायचे चाकांवरचे घर, मुक्कामाच्या जागी उभी करून मोटारीपासून सोडवली, की तिच्या चार कोपऱ्यांखालचे चार टेकू जमिनीपर्यंत उतरवावे लागतात आणि निघताना तेच चारही पुन्हा वर घ्यावे लागतात. कॉर्नर स्टेडी या नावाने ओळखले जाणारे हे टेकू लांब हँडलने फिरवायचे, की बॅटरीवरच्या ड्रिलला सॉकेट (दांड्याच्या माथ्यावर बसणारी पोकळ टोपी) लावून, असा प्रश्न प्रत्येक कॅरव्हॅनधारकापुढे कधी ना कधी येतो. वेळ आणि श्रम यांचा विचार सगळेच करतात. परंतु या निवडीवर टेकूच्या आट्यांचे आयुष्य आणि चासीची, म्हणजे खालच्या सांगाड्याची, सरळ रेषही अवलंबून असते, म्हणून ती जरा विचारपूर्वक करावी.

आधी टेकूचे काम नेमके काय, ते पाहू. टेकूच्या आडव्या चौकटीत आटे पाडलेला एक लांब दांडा असतो आणि त्याच्या टोकाला षट्कोनी माथा असतो, जो पुष्कळ कॅरव्हॅनवर १९ मिलिमीटरचा असतो. दांडा फिरला की त्यावरचा नट सरकतो आणि घडी घातलेला पाय उलगडत खाली येतो. कॅरव्हॅनचे वजन मात्र आस आणि चाकांवरच राहायचे असते. आत माणसे वावरताना होणारे डोलणे थांबवणे एवढेच टेकूचे काम. कॅरव्हॅन उचलणे किंवा सपाट करणे हे त्याचे काम नव्हे. आडवी पातळी चाकाखाली रॅम्प घालून आधी साधायची, हँडब्रेक ओढायचा, पुढची-मागची पातळी जॉकी व्हील (पुढच्या टोकाचे लहान आधारचाक) वर-खाली करून साधायची, आणि मगच टेकू उतरवायचे. हा क्रम ज्याने मोडला, त्याच्या हातात ड्रिल असले तर नुकसान लवकर होते, इतकाच काय तो फरक.

हँडलची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे हाताला लागणारा अंदाज. पाय हवेत असेपर्यंत हँडल हलके फिरते. पायाखाली ठेवलेल्या फळीला तो टेकला की मनगटाला ताण जाणवतो, आणि त्यापुढे अर्धा फेरा दिला की कॅरव्हॅन स्थिर होते. आणखी जोर लावला तर कोपरा उचलला जाऊ लागतो, पण तो लावण्यासाठी माणसाला मुद्दाम ताकद खर्चावी लागते, आणि तेवढ्यात आपण काय करतो आहोत याचे भान येते. हँडलला बॅटरी लागत नाही, पावसात ते बिघडत नाही आणि भल्या पहाटे शेजाऱ्यांची झोपही मोडत नाही. उणी बाजू शरीराची आहे. चार कोपऱ्यांवर चारदा वाकायचे किंवा चिखलात गुडघा टेकायचा, आणि आटे कोरडे असतील तर एकेका फेऱ्यासाठी खांद्यातून जोर काढायचा. ज्यांची पाठ, गुडघे किंवा मनगट दुखते, त्यांच्यासाठी ही गैरसोय किरकोळ नसते. प्रवासाला जावे की नाही, इथपर्यंत ती पोहोचते.

ड्रिल नेमके इथे उपयोगी पडते. ४०-५० सेंटिमीटर लांबीचे सॉकेट लावले तर फारसे वाकावेही लागत नाही, आणि चारही टेकू काही मिनिटांत खाली येतात. मात्र त्याच्या ताकदीचा हिशेब एकदा मांडून पाहावा. १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या हँडलवर साधारण १० किलोचा जोर लावला, तर दांड्यावर सुमारे १५ न्यूटन मीटर पीळ (टॉर्क) पडतो. १८ व्होल्टचे मध्यम ड्रिल क्लच (ठरावीक पिळानंतर फिरणे थांबवणारी यंत्रणा) बंद असताना ५० न्यूटन मीटरपर्यंत पीळ देऊ शकते. म्हणजे बोटाने घोडा दाबण्यापलीकडे काहीही न करता आपण हाताच्या तिप्पट जोर लावत असतो, आणि आट्यांचा दांडा हा जोर पुढे कितीतरी पटींनी वाढवून पायावर टाकतो. टेकू आणि चासी यांना तो सोसावा लागतो.

हे नुकसान लगेच दिसत नाही. पहिल्या हंगामात मी क्लचकडे दुर्लक्ष करून मागचा डावा टेकू ड्रिलने घट्ट बसवला होता. बाहेरून सारे व्यवस्थित दिसत होते. संध्याकाळी दरवाजा लावताना मात्र वरचा कोपरा चौकटीला घासू लागला आणि आतल्या कपाटाचे दारही आपोआप उघडू लागले. टेकू दोन फेरे सैल केला, तेव्हा दोन्ही दारे पूर्ववत बसली. त्या कोपऱ्याने कॅरव्हॅनची अख्खी चौकट पिळली होती. तेव्हापासून टेकू उतरवल्यावर दरवाजा एकदा उघडून लावून पाहणे, हा माझा नेम आहे, आणि हत्यार कोणतेही असो, तो प्रत्येकाने पाळावा असे मला मनापासून वाटते.

ड्रिल निवडलेच, तर क्लचच्या कड्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. कड्यावर आकडे असतात आणि शेवटी छिद्र पाडण्याची खूण असते. त्या खुणेवर क्लच अजिबात सुटत नाही, म्हणून टेकूसाठी ती कधीही वापरू नये. सर्वांत लहान आकड्यापासून सुरुवात करावी आणि हवेतला पाय जेमतेम फिरेल इतकाच आकडा वाढवावा. मग पाय जमिनीला टेकताच क्लच कडकड आवाज करून सुटतो आणि दांडा थांबतो. गिअर पहिला ठेवावा. दुसऱ्या गिअरला पीळ कमी असला, तरी फेरे तिपटी-चौपटीने वाढतात, आणि पाय टेकण्याचा क्षण कळायच्या आत निघून जातो. क्लच नसेल किंवा चुकीच्या आकड्यावर असेल, तर दांडा अडकताच ड्रिलच उलट फिरते आणि मनगट मुरगळते. म्हणून पकड दोन्ही हातांची असावी.

इम्पॅक्ट ड्रायव्हर हे वेगळे हत्यार आहे आणि या कामासाठी मी ते सुचवणार नाही. ते अडथळा आला की हातोडीसारखे ठोके देत पीळ वाढवते, आणि १८ व्होल्टच्या अनेक ड्रायव्हरमध्ये तो १५० न्यूटन मीटरच्याही पुढे जातो. हाताला झटका बसत नाही, म्हणून ते अनेकांना सोयीचे वाटते. पण तो झटकाच तर आपल्याला थांबण्याची सूचना देत असतो. शिवाय त्याचा खडखडाट साऱ्या मुक्कामाला ऐकू जातो.

टेकू वर घेताना होणारी चूक अधिक त्रासदायक ठरते, कारण ती पुढच्या मुक्कामी उघडकीला येते. पाय पूर्ण मिटून थांब्याला आदळेपर्यंत ड्रिल चालू ठेवले, तर नट आट्यांत आवळून बसतो आणि मग हँडलने तो सोडवता सोडवत नाही. शेवटचे दोन-तीन फेरे हातानेच द्यावेत. याच कारणासाठी ड्रिल घेणाऱ्यानेही हँडल कॅरव्हॅनमध्ये ठेवलेच पाहिजे. बॅटरी संपणे, हा दुसरा प्रसंग. कडाक्याच्या थंडीत लिथियम बॅटरी कमी काम देते आणि शून्य अंशाखाली ती चार्जही करू नये.

आणखी एक धोका इथेच सांगतो. अनेक कॅरव्हॅनच्या चाकांचे बोल्टही १९ मिलिमीटरचेच असतात, त्यामुळे तेच सॉकेट त्यांवर सहज बसते. ते बोल्ट ड्रिलने आवळू नयेत; त्यांना उत्पादकाने सांगितलेल्या मापानुसार टॉर्क रेंचच, म्हणजे ठरवलेला पीळ बसला की कळवणारा पानाच, हवा.

विजेवर चालणारे, बटण दाबताच उतरणारे टेकू हा तिसरा पर्याय आहे. हातात अजिबात जोर नसणाऱ्यासाठी तो योग्यच आहे. परंतु टेकू फिरवणाऱ्या विजेच्या मोटारी आणि तारा यांचे वजन कॅरव्हॅनच्या अनुज्ञेय भारातून वजा होते, आणि बिघाड झाला तर दुरुस्ती रस्त्यावर होत नाही.

एकाच जागी आठवडाभर राहणाऱ्याला हँडल पुरेसे आहे. त्याने आटे ब्रशने स्वच्छ करून हलके ग्रीस लावले, तर निम्मे कष्ट तिथेच वाचतील, आणि कदाचित ड्रिलचा विचारही मागे पडेल. रोज जागा बदलणाऱ्याने, किंवा ज्याला वाकणे कठीण जाते त्याने, क्लच असलेले ड्रिल जरूर घ्यावे: पाय फळीपासून बोटभर वर असेपर्यंत ड्रिल, तिथून पुढे हँडल. सॉकेट घेताना ते जाड दांड्याचे घ्यावे आणि ड्रिल दांड्याच्या सरळ रेषेत धरावे, कारण तिरक्या पकडीने षट्कोनी माथ्याच्या कडा गोल होतात, आणि मग त्यावर हँडलही बसत नाही.