घट्ट तेलाच्या विहिरीला वाफ द्यायची की करंट?

थंडीत काकवीची बाटली उलटी करून बघा, एक थेंब पडायला जीव जातो, आणि तीच बाटली पाच मिनिटं गरम पाण्यात धरली की मस्त धार लागते. हेवी ऑइलचं सगळं गणित हेच आहे. कॅनडात अथाबास्काचं बिट्युमेन, म्हणजे डांबरासारखं घट्ट तेल, जमिनीखाली साधारण १० अंशाला असतं, पाण्याच्या दहा लाख पट घट्ट, २०० अंशापर्यंत तापवलं की चांगलं वाहतं. प्रश्न एवढाच की उष्णता खाली पोचवायची कशी.

वाफ ही पाठ झालेली वाट. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात एकावर एक दोन आडव्या विहिरी, वरच्यातून वाफ सोडायची आणि खालच्यातून तेल काढायचं. राजस्थानात बाघेवालाला ऑइल इंडियापण वाफच वापरते. पण १ बॅरल तेलामागे ढोबळमानाने ३ बॅरल पाण्याची वाफ लागते, म्हणजे जवळपास ४८० लिटर पाणी. तेलाचा थर पातळ असेल तर निम्मी उष्णता वरच्या-खालच्या खडकातच मुरते, आणि विहीर खूप खोल असेल तर वाफ खाली पोचेपर्यंत तिचं गरम पाणी झालेलं असतं.

विजेने तापवायचे तीन प्रकार आहेत आणि लोक ते एकत्र करून बोलतात तिथेच गोंधळ होतो.

पहिला हीटर केबल, बादलीत टाकायच्या रॉडसारखा. सगळ्यात सोपा, पण उष्णता खडकातून मुंगीच्या पावलाने जाते, वर्षभरात जेमतेम दहा-अकरा मीटर, तेही विरत विरत, आणि केबलला चिकटलेलं तेल करपून कोक, म्हणजे कोळशासारखा कडक थर, होतं ते वेगळंच. शेल कंपनीने अमेरिकेत कोलोरॅडोत ऑइल शेलसाठी (तापवल्यावर तेल देणारा खडक) असेच हीटर बरीच वर्षं चालवून बघितले आणि २०१३ मध्ये तो प्रोजेक्ट थांबवला. पण ट्यूबिंगमध्ये, म्हणजे तेल वर आणणाऱ्या नळीत, तेलातलं मेण साचून विहीर अडत असेल तर मी डोळे झाकून हाच घेईन.

दुसरा इलेक्ट्रोड, म्हणजे थरात करंट सोडणारा धातूचा भाग. इथे खडकातलं खारं पाणीच तार बनतं आणि करंट गेला की ते स्वतः तापतं. कल्पना मला फार आवडते, पण त्रास असा की उष्णता अंतराच्या वर्गाने घटते, इलेक्ट्रोडपासून १ मीटरवर जेवढी तयार होते त्याच्या शंभरावा भाग १० मीटरवर. त्यामुळे जवळचं पाणी आधी उकळतं, ते उडालं की सर्किटच तुटतं. म्हणून इलेक्ट्रोडपाशी मिठाचं पाणी सोडत राहावं लागतं, हा खर्च कोटेशनमध्ये आहे का ते आधी विचारा.

तिसरा रेडिओ लहरींचा, मायक्रोवेव्हसारखा. गंमत म्हणजे याला पाणी उडालेलं चालतं, उलट कोरड्या झालेल्या भागातून लहर पुढे जाते. अल्बर्टात डोव्हरला सनकॉर या तेल कंपनीने अँटेना आणि सॉल्व्हंट (तेल पातळ करणारं द्रावण) जोडून पायलट, म्हणजे छोटी चाचणी, केला. पण ही गोष्ट पायलटच्या पुढे फारशी गेलेली नाही, त्यामुळे छोट्या ऑपरेटरने सगळे पैसे इथे लावू नयेत असं मला मनापासून वाटतं.

आता खरा मुद्दा, विजेचा दर. गॅस बॉयलरमध्ये जाळला तर ८० टक्क्यांच्या वर उष्णता वाफेत येते. तोच गॅस पॉवर प्लांटमध्ये जाळून वीज केली तर चांगल्या प्लांटलाही ५०-६० टक्केच हाती लागतात, आणि मग त्या विजेने परत उष्णताच करायची. त्यामुळे उथळ, जाड थर, पाणी आणि गॅस दोन्ही हाताशी असतील तर वाफच घ्या, उगाच विजेच्या नादी लागू नका. थर पातळ आहे, पाण्याची ओढ आहे, किंवा स्वस्त सोलर-पवन वीज दारात आहे, तर मात्र वीज नक्की मोजून बघा, आणि सुरुवात अख्ख्या फील्डवर न करता एका विहिरीच्या तळाशी, तेल थरातून विहिरीत शिरतं तिथे करा, कारण तेल सगळ्यात जास्त तिथेच अडतं.

वीज नुसती कागदावरची नाही हे बघायचं असेल तर बाडमेरच्या मंगला फील्डची पाइपलाइन बघा. तिथलं मेणकट तेल गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत जाताना गोठू नये म्हणून शेकडो किलोमीटर विजेवर गरम ठेवतात. पण ती पाइप आहे, बाहेरून इन्सुलेशन गुंडाळता येतं. खडकाला ते गुंडाळता येत नाही, म्हणून सप्लायरला पहिला प्रश्न हाच विचारा की माझ्या थराच्या वर आणि खाली किती उष्णता वाया जाणार, आकड्यात सांगा.