ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर : पावसाळ्यापासून मोहरापर्यंतचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर हा स्कॅनर (गाडीच्या ओबीडी, म्हणजे स्वतःचे दोष नोंदवणाऱ्या यंत्रणेच्या सॉकेटला लावून दोषांचे कोड मोबाइलवर दाखवणारं उपकरण) घेतला, आता कलमांना मोहर आलाय. मधल्या काळात रत्नागिरीत माझ्या 2009 सालच्या पेट्रोल सेदानवर तो सतत वापरला. नुसता कोड वाचायला घेणार असाल तर पैसे घालवू नका. लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनाचे आकडे बघायची तयारी असेल तर मात्र जुन्या गाडीवाल्याकडे तो असायलाच हवा.

माझी गाडी उभी असताना थरथरायची, आरपीएम वर-खाली व्हायचा, चेक इंजिनचा दिवा लागलेला. हायवेला लागली की काही तक्रार नाही. कोड आला पी 0171, म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. हा कोड बघून बरेच जण थेट ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) बदलायला सांगतात. मला ते पटत नाही. पुष्कळदा तो सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो.

खरी माहिती फ्युएल ट्रिममध्ये असते. पेट्रोल इंजिनाला वजनाने 14.7 भाग हवेला 1 भाग पेट्रोल लागतं. ते प्रमाण राखायला ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, ते ट्रिम दाखवतो. इंजिन गरम झाल्यावर आयडलला (रेस न देता) शॉर्ट, म्हणजे त्या क्षणाचा, आणि लाँग, म्हणजे बऱ्याच काळाचा, ट्रिम मिळून +24 टक्के. रेस 2500 वर धरली की तोच आकडा +4! आयडलला थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद आणि मॅनिफोल्डमधला (झडपेपुढच्या हवेच्या नळ्यांमधला) व्हॅक्यूम जोरात, त्यामुळे कुठे फट असेल तर तिच्यातून शिरलेली हवा एकूण हवेच्या मानाने खूप ठरते. रेस वाढली की एकूण हवेपुढे ती नगण्य ठरते. उलट रेसबरोबर ट्रिम चढत गेला असता तर मी आधी फ्युएल फिल्टर आणि पंप तपासला असता.

फट नेमकी कुठे, ते स्कॅनर सांगत नाही. गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट केली, म्हणजे हवेच्या नळ्यांत धूर सोडला, तेव्हा पीसीव्हीच्या (इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या) रबरी पाइपच्या वळणावरून धूर निघाला. चीर खालच्या अंगाला, वरून पाइप धडधाकट. पाइप नवा घातला, कोड पुसला, ट्रिम ±3 च्या आत आला. चालू इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून फट शोधतात, ते करू नका. गरम एक्झॉस्टवर पडला तर पेट घेतो. आणि ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तरी आयडलला असाच खोटा लीन दिसू शकतो, तेही बघून घ्या.

एक गोष्ट घेण्याआधी लक्षात ठेवा. माझ्या गाडीला एअरफ्लो सेन्सर आहे, तो आत येणारी हवा मोजतो. शेजारच्या काकांच्या हॅचबॅकला मॅप सेन्सर, तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, म्हणून फटीतली हवाही त्याच्या हिशेबात येते. तिचा व्हॅक्यूम पाइप मुद्दाम सैल करून पाहिला तर ट्रिम फारसा हलला नाही, आयडल मात्र चढला. तशा गाडीत नुसत्या ट्रिमवर विसंबू नका.

उणिवा आहेतच. जुन्या गाडीवर आकडे सावकाश बदलतात, ब्लूटूथ अधूनमधून तुटतं, एबीएसचे (ब्रेकच्या यंत्रणेचे) कोड येत नाहीत. भारतात ओबीडी-2 सक्तीचं झालं एप्रिल 2013 पासून, त्याआधीची गाडी असेल तर दुकानातच लावून बघा. काम झालं की काढून ठेवा, लावलेला राहिला तर उभ्या गाडीची बॅटरी खातो.