ऑनलाइन गायनवर्गासाठी गूगल कॅलेंडर : वर्षभराच्या वापरानंतर

माझे गायनाचे वर्ग पुण्यातून ऑनलाइन चालतात आणि विद्यार्थी भारताबरोबरच न्यू जर्सीत व लंडनमध्येही आहेत. ठरलेल्या वारी होणाऱ्या तासांची नोंद एकदाच करावी, एवढ्या अपेक्षेने गूगल कॅलेंडर वापरू लागले आणि ती बऱ्याच अंशी पूर्ण झाली. दर आठवड्याला, एक आठवड्याआड, महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी, असे नियम सहज लावता येतात.

कस लागतो तो टाइमझोन निवडताना. भारतात वर्षभर एकच प्रमाणवेळ असते. अमेरिकेत मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि ब्रिटनमध्ये त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी. शनिवारी संध्याकाळी साडेसातचा वर्ग भारतीय वेळेने नोंदवला, तर न्यू जर्सीतल्या विद्यार्थिनीला तो हिवाळ्यात सकाळी नऊला आणि उन्हाळ्यात दहाला पडतो. हीच नोंद न्यूयॉर्कच्या वेळेने केली, तर तिचे नऊ कायम राहतात, माझे साडेसातचे साडेसहा होतात आणि एकत्र वर्ग असेल, तर लंडनच्या मुलांना मार्चमधले दोन-तीन आठवडे दुपारी दोनऐवजी एकला बसावे लागते. म्हणून वैयक्तिक तास मी विद्यार्थ्याच्या वेळेने लावते, एकत्र वर्ग भारतीय वेळेने.

बदल करताना तीन पर्याय समोर येतात : केवळ ही नोंद, ही व यापुढच्या, किंवा सगळ्या. दुसरा पर्याय निवडला की मालिकेचे दोन स्वतंत्र भाग होतात आणि पुढच्या ज्या तासांची वेळ सुटी-सुटी बदललेली असते, ते पुन्हा मूळ नियमावर येतात. तेव्हा आधी मालिका बदलावी आणि मगच एखादा तास हलवावा. ‘सगळ्या’ निवडल्यास मागच्या नोंदीही बदलतात. फीचा हिशेब त्यांवरूनच होत असल्याने तो पर्याय मी टाळते.

महिन्याच्या ३१ तारखेची नोंद तीस दिवसांच्या महिन्यात येतच नाही, म्हणून फीची आठवण १ तारखेला ठेवावी. आमची दर पौर्णिमेची बैठक मात्र कोणत्याच नियमात बसत नाही, कारण इथे तिथीची सोय नाही. नव्या वर्षाचे पंचांग पाहून प्रत्येक तारीख हाताने भरावी लागते. या नोंदींना मी वेगळा रंग देते, म्हणजे वर्ष बदलताना नव्याने काय भरायचे ते लगेच दिसते.